एकाच कॅसेटवरचे शेजारी : प्लॅटफॉर्म खेळांच्या क्रॉसओव्हरचा मागोवा

१९९० च्या दशकात सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी टीव्हीला जोडून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रे मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागली आणि त्यांच्यासोबत प्लॅटफॉर्म गेम हा खेळप्रकार मुलांमध्ये रुजला. या प्रकारात खेळाडूच्या हाती असलेले पात्र निरनिराळ्या उंचीच्या विटा, फळ्या, खड्डे आणि वाटेतले शत्रू उड्या मारत ओलांडते, आणि उडीचा अचूक अंदाज हेच त्यातले मुख्य कौशल्य असते. अशा दोन स्वतंत्र मालिकांमधील पात्रे किंवा त्यांची जगे एकाच खेळात आणली की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. ही कल्पना कोणी प्रत्यक्षात आणली आणि कोणी टाळली, हे तपासताना जपानी कंपन्यांच्या अधिकृत इतिहासाइतकेच महत्त्व नकली कॅसेटींना द्यावे लागते, कारण भारतातल्या बहुसंख्य खेळाडूंपर्यंत हे खेळ त्याच मार्गाने आले.

निंटेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १९८३ साली बाजारात आले आणि त्यावरचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झाला. भारतात मात्र या यंत्राच्या स्वस्त नकला अधिक खपल्या. मूळ यंत्रातील अनेक सुट्या भागांचे काम एकाच चिपवर उतरवल्यामुळे त्यांची किंमत आवाक्यात राहिली. खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत, टप्प्याला ‘स्टेज’ आणि उरलेल्या संधींना ‘लाईफ’. एकेका कॅसेटवर अनेक खेळ भरलेले असत. काहींच्या वेष्टनावर खेळांची संख्या ९९,९९,९९९ अशी छापलेली असे, प्रत्यक्षात मात्र तेच मोजके खेळ नाव आणि आरंभीची स्टेज बदलून पुन्हा पुन्हा येत. या यादीत मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’ एकाखाली एक असत. निंटेंडो आणि कोनामी या दोन वेगळ्या कंपन्यांनी ते घडवले आहेत, ही गोष्ट खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने गौण होती. त्याच्यासाठी ते एकाच कॅसेटवरचे शेजारी होते. कॉन्ट्रामधला बंदूकधारी शिपाई मारिओच्या स्टेजमध्ये शिरला तर काय होईल, हा प्रश्न या शेजारातून सहज निघतो. शिवाय मारिओच्या या खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की बत्तीस स्टेजचा प्रवास पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरू करावा लागे. अशा वेळी पुढची, न पाहिलेली स्टेज कल्पनेनेच रचावी लागे.

मारिओचा खरा प्रतिस्पर्धी सेगा कंपनीने २३ जून १९९१ रोजी आणला. ‘सॉनिक द हेजहॉग’ या खेळातला निळा साळिंदरासारखा प्राणी वेगासाठी घडवला होता. तो उतारावरून गोल होऊन गडगडतो आणि पुरेसा वेग असेल तर उभ्या वर्तुळाकार वाटेवरून उलटा धावून पलीकडे जातो. हा खेळ १६ बिटच्या ‘मेगा ड्राइव्ह’ यंत्रासाठी होता आणि ते यंत्र फॅमिकॉमच्या नकलांपेक्षा कितीतरी महाग असल्याने भारतात मोजक्याच घरांत पोहोचले. परिणामी मारिओ हातात आणि सॉनिक बहुधा ऐकीव, अशी विषम परिस्थिती निर्माण झाली.

ही दरी नकली कॅसेट बनवणाऱ्यांनीच बुजवली. १९९४ साली ‘सोमारी’ नावाचा परवानगीविना तयार केलेला खेळ फॅमिकॉमसाठी निघाला. त्यात सॉनिकच्या पहिल्या खेळातील स्टेज, त्यांची रचना आणि संगीत ८ बिटच्या यंत्रावर उतरवले होते. पाण्याखालचा ‘लॅबिरिंथ’ हा विभाग तेवढा वगळला होता आणि नायकाच्या जागी मारिओ उभा केला होता. तांत्रिकदृष्ट्या हे धाडस लहान नव्हते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या जगात उतार मुळीच नाही, तिथली सारी जमीन सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या चौकोनांनी बनलेली आणि सपाट आहे. सॉनिकच्या जगात मात्र जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा कोन असतो आणि त्या कोनावर पात्राचा वेग ठरतो. ‘सोमारी’च्या कर्त्यांनी उतार आणि वर्तुळे फॅमिकॉमवर आणली, सॉनिकच्या दुसऱ्या खेळातली जागच्या जागी गिरकी घेऊन सुसाट सुटण्याची युक्तीही मारिओला दिली. येथेच या खेळाची मर्यादा दिसते. त्यातला मारिओ दिसतो मारिओसारखा, पण धावतो, गडगडतो आणि मारतो सॉनिकसारखा. तो दोन मालिकांचा संगम नव्हता, एका मालिकेने दुसरीचा वेश घेतला होता.

सोलापुरी चादर ज्या जेकार्ड मागावर विणली जाते, त्यावर नक्षीचा प्रत्येक चौकोन आधी आलेख कागदावर ठरतो आणि मग भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरतो. दोन नक्ष्या एका चादरीत घ्यायच्या तर दोन्हींचे ताणे आधी एका हिशेबात बसवावे लागतात. नुसती फुले शेजारी काढून चालत नाही. प्लॅटफॉर्म खेळांच्या क्रॉसओव्हरचे मर्मही तेच आहे : उडीची उंची, धावेचा वेग आणि जमिनीची घडण यांचा एक समान हिशेब जुळल्याशिवाय दोन पात्रांना एका जगात नांदता येत नाही.

निंटेंडो आणि सेगा यांनी हा हिशेब मांडण्याचे बराच काळ टाळले. सेगाने २००१ साली स्वतःची यंत्रे बनवणे थांबवले आणि त्याच वर्षी सॉनिक निंटेंडोच्या यंत्रावर आला, तेव्हा मारिओ आणि सॉनिक यांच्या भेटीतला मोठा अडथळा दूर झाला होता. तरीही २००७ च्या नोव्हेंबरमध्ये दोघे प्रथम एकत्र आले ते बीजिंग ऑलिंपिकवर आधारलेल्या क्रीडास्पर्धेच्या खेळात, आणि २००८ मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या मारामारीच्या खेळात. दोन्ही ठिकाणी सामायिक नियम बाहेरून आणलेले होते; मारिओच्या विटा आणि सॉनिकचे उतार यांची गाठ पडलीच नाही.

ती गाठ कशी घालता आली असती, हे एका चाहत्याने २०१० साली दाखवून दिले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स क्रॉसओव्हर’ हा ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणारा फ्लॅश गेम होता. त्यात जमीन मारिओचीच, पण तिच्यावरून इतर मालिकांचे नायक लिंक, मेगा मॅन, सॅमस, सायमन आणि कॉन्ट्रामधला बिल यांना आपापल्या चालीने नेता येई. सायमन चाबूक चालवी, मेगा मॅन आणि बिल दुरूनच गोळी झाडत, लिंक तलवार वापरी. शत्रूच्या डोक्यावर उडी मारण्यासाठी आखलेली जागा गोळी झाडणाऱ्यासाठी नेमबाजीची जागा ठरे, आणि पाठ झालेली पहिली स्टेज पुन्हा नव्याने शिकावी लागे. महाभारताच्या वनपर्वात रामायणातला हनुमान भीमाच्या वाटेत आडवा पडतो, तेव्हाही भीमाचे बळ आणि हनुमानाची महत्ता दोन्ही शाबूत राहतात आणि त्यातूनच प्रसंग उभा राहतो. चांगल्या क्रॉसओव्हरची ही कसोटी आपल्या वाचकाला परकी नाही. एकाच कॅसेटच्या यादीत मारिओ आणि कॉन्ट्रा पाहिलेल्या पिढीला तर बिलला मारिओच्या विटांवर उभा पाहणे हे एका जुन्या प्रश्नाला मिळालेले थेट उत्तर होते.

दुर्दैवाने अशा कामांचे आयुष्य अल्प असते. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा अधिकृत आधार संपला आणि त्यावर बांधलेले असंख्य खेळ साध्या ब्राउझरमधून नाहीसे झाले. नकली कॅसेटीही बहुतेक ठिकाणी भंगारात गेल्या. त्यांच्याकडे केवळ चोरीचा माल म्हणून पाहणे अपुरे आहे : मालकी हक्काचा भंग त्यांनी केला, हे खरे, पण या दोन कंपन्यांनी टाळलेली कल्पना, अपुरी का होईना, करून पाहण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. सोलापुरात कोणाच्या माळ्यावर अशी यंत्रे किंवा कॅसेटी अजून पडून असतील, तर त्या जपून ठेवाव्यात आणि त्यांवर कोणते खेळ आहेत याची नोंद करावी. मारिओच्या पहिल्या खेळाला २०२५ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण झाली, तोवर मारिओ आणि सॉनिक यांचा एकही अधिकृत प्लॅटफॉर्म खेळ निघालेला नव्हता.