व्ही ५१०२१०

स्मिथ अँड वेसनच्या 'व्हिक्टरी' रिव्हॉल्व्हरचा शोध मुठीच्या तळापासून सुरू होतो. तिथे दोरी अडकवायच्या कडीशेजारी नंबर ठोकलेला असतो आणि त्याच्या आधी 'व्ही' हे अक्षर. १९४२मध्ये जुनी मोजणी दहा लाखांवर पोचली, तेव्हा कंपनीने विजयाचा 'व्ही' लावून नव्याने सुरुवात केली. पण मुरलेला संग्राहक एवढ्यावर थांबत नाही. तोच आकडा तो सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या अंगाला आणि मुठीच्या उजव्या लाकडी पट्टीच्या आत शोधतो. एखादा जरी जुळला नाही, तर भाग बदललेला आहे असं तो धरून चालतो, मग विकणारा काहीही शपथ घेवो.

या हत्याराचा जन्मच एका फसलेल्या सौद्यातून झाला. हलक्या रायफलसाठी ब्रिटनने कंपनीला १० लाख डॉलर आगाऊ दिले होते. रायफल चाचणीत टिकली नाही आणि पैसे तर खर्च झालेले. ती उधारी कंपनीने रिव्हॉल्व्हर देऊन फेडली. पुढे ब्रिटन आणि राष्ट्रकुलाकडे अशी पाच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हर गेली. युद्धाची घाई त्यांच्या अंगावरही दिसते: सुरुवातीची चकचकीत निळी झिलई, नंतर निस्तेज करडा रंग आणि साध्या अक्रोडी पट्ट्या. १९४४च्या अखेरीस एका नौसैनिकाचा, खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून मृत्यू झाला. त्यानंतर आत नवा सुरक्षा-अडसर बसला आणि नंबरात 'एस' हे अक्षर आलं.

नवखे फसतात ते शिक्क्यांत. नळीवर '.७६७' आणि '३½ टन' दिसलं की त्यांना ती लष्करी खूण वाटते. प्रत्यक्षात ती ब्रिटनमधल्या नागरी चाचणीची खूण आहे: काडतुसाच्या कवचाची लांबी आणि दाब. म्हणजे हत्यार लष्करातून बाहेर पडून बाजारात आल्याचा तो पुरावा. कंपनीच्या जुन्या नोंदींवरून मिळणारं पत्र माल कधी आणि कुठे रवाना झाला ते सांगतं. तो कुठल्या सैनिकाच्या कमरेला होता, हे त्यात नसतं.

युद्धानंतर यातली ढिगांनी अमेरिकेत परतली. व्यापाऱ्यांनी नळ्या कापल्या आणि '.३८ स्पेशल' हे अधिक लांब, किंचित सडपातळ काडतूस बसावं म्हणून सिलिंडरची भोकं खोल केली. संग्राहकाच्या लेखी हे हत्याराचं वाटोळंच. तरी सर्वांत बारकाईने तपासलं गेलेलं व्हिक्टरी अशाच कापलेल्यांपैकी आहे. नंबर व्ही ५१०२१०, नळी सव्वादोन इंच. मार्च १९६३मध्ये ते लॉस एंजेलिसच्या सीपोर्ट ट्रेडर्सने रेल्वे एक्सप्रेसने 'ए. जे. हिडेल' या नावावर पाठवलं, किंमत २९.९५ डॉलर. हिडेल म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा आरोपी ली हार्वी ओस्वाल्ड.

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, केनेडी यांच्या हत्येच्या दिवशी, डॅलसमध्ये पोलीस अधिकारी टिपिट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. घटनास्थळी मिळालेली रिकामी कवचं या रिव्हॉल्व्हरशी नेमकी जुळली. टिपिट यांच्या शरीरातल्या गोळ्यांबद्दल मात्र एफबीआयच्या तज्ज्ञांना ठाम सांगता येईना. नळी मूळच्या जाड गोळीसाठी घडवलेली. त्यातून बारीक गोळी डळमळत जायची आणि प्रत्येकीवर ओरखडे वेगळे उमटायचे. युद्धोत्तर दुकानदारीतली ही काटछाट केनेडी हत्येचा तपास करणाऱ्या वॉरेन आयोगाच्या कागदपत्रांत अशी कायमची नोंदली गेली. ते रिव्हॉल्व्हर आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.