देवयानीच्या दर्शनाचा मुहूर्त

सामान्य मनुष्याच्या डोळ्याला दुर्बिणीच्या साहाय्यावाचून सहज दिसू शकणाऱ्या वस्तूंमध्ये देवयानी तारकासमूहातील दीर्घिका ही सर्वांत दूरची असून, तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात, हे आता पुष्कळांच्या वाचनात आलेले असते. परंतु ती वर्षाच्या कोणत्या महिन्यात, रात्रीच्या कोणत्या प्रहरी आणि आकाशाच्या कोणत्या भागात शोधावी, याची माहिती फार थोड्यांना असते, आणि म्हणून तिच्याविषयी वाचलेल्या मनुष्यांच्या मानाने तिला प्रत्यक्ष पाहिलेली मनुष्ये विरळा. इराणी ज्योतिर्विद अब्द अल-रहमान अल-सूफी याने दहाव्या शतकात आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात एक लहानसा ढग म्हणून तिची नोंद केली, ती निव्वळ नेत्रांच्या बळावर. त्याला जे दिसले ते आपल्यालाही दिसावे, याला वेळेच्या हिशेबाखेरीज फारशी अडचण नाही.

हा हिशेब ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती अशी की, पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातील एक फेरी २४ तासांत नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. आपली घड्याळे सूर्याच्या हुकमतीत चालतात आणि सूर्य ताऱ्यांमधून रोज सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकतो. त्यामुळे कोणताही तारा आज ज्या वेळी उगवला त्याहून उद्या जवळजवळ चार मिनिटे आधी उगवतो, महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो, आणि वर्षाअखेर सारे पुन्हा मूळ पदावर येते.

आकाशस्थ वस्तूचा पत्ता विषुवांश आणि क्रांती या दोन अंकांनी मुक्रर होतो. देवयानी दीर्घिकेचा विषुवांश ० तास ४३ मिनिटे, आणि क्रांती उत्तरेस ४१ अंशांहून किंचित अधिक. मुंबई-पुण्याचे अक्षांश १८ ते १९ च्या दरम्यान असल्याने ती आपल्या याम्योत्तर वृत्तावर येते तेव्हा डोक्यापासून जेमतेम २२-२३ अंश उत्तरेकडे कललेली असते, आणि एकदा उगवली की १४ तासांहून अधिक काळ क्षितिजावर राहते. याच्या उलट, नरतुरंगातील ओमेगा नावाचा प्रचंड तारकागुच्छ दक्षिणेस इतका खाली आहे की, तो आपल्याकडे सुमारे नऊच तास क्षितिजावर असतो, २४ अंशांपलीकडे चढत नाही, आणि मे महिन्यात त्याला पाहण्याचे राहिले तर पाऊस त्याच्यावर पडदा टाकतो.

देवयानी सूर्याच्या बरोबर समोर येते ती ऑक्टोबरच्या पहिल्या सप्ताहात. तेव्हा ती मध्यरात्री माथ्यावर असावी असे कोणीही म्हणेल. पण भारतीय प्रमाणवेळ ही ८२॥ अंश रेखांशाची आहे आणि मुंबई त्याच्या पश्चिमेस जवळजवळ दहा अंश, व दर अंशाला चार मिनिटे या दराने घड्याळ पुढे धावत असल्यामुळे, सूर्याच्या स्वतःच्या चढउताराची वजावट करूनही, ती प्रत्यक्षात साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येते. तेथून दरमहा दोन तास वजा करीत जावे: नोव्हेंबरच्या आरंभी साडेदहा, डिसेंबरच्या आरंभी साडेआठ, जानेवारीत ऐन तिन्हीसांज. फेब्रुवारीअखेर नीट अंधार पडेपर्यंत ती वायव्येस खाली उतरलेली असते, पुढे सूर्याच्या तेजात लोपते, आणि जुलैमध्ये रात्री अकरानंतर ईशान्येस उगवू लागते तेव्हा आपले आकाश ढगांच्या ताब्यात असते.

राहिला चंद्र, आणि या कामी घरातल्या पंचांगाइतका उपयुक्त दस्तऐवज दुसरा नाही. कोजागरीचा चंद्र रेवती-अश्विनीच्या आसपास, म्हणजे देवयानीपासून फारसा दूर नसतो. म्हणून जी रात्र आपण आकाशाखाली जागून काढतो तीच या अंधुक वस्तूला सर्वांत प्रतिकूल. दिवाळीची अमावास्या काळोखी खरी, पण दारूच्या धुराने भरलेली. माझ्या मते उत्तम काळ तो कार्तिक वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंतचा: चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा उगवतो, पावसाळी ढग बहुधा ओसरलेले असतात, आणि दीर्घिका रात्री आठ ते दहाच्या दरम्यान माथ्यावर येते. सूर्यास्तानंतर सव्वा तासाने संधिप्रकाश पुरा संपतो. त्यापूर्वी शोध करू नये.

उत्तराभाद्रपदा नक्षत्रातील उत्तरेकडचा तारा हा भाद्रपदांच्या विशाल चौकोनाचा ईशान्य कोपरा, आणि तेच देवयानीचे मस्तक. तेथून ईशान्येकडे दुसरा ठळक, तांबूस तारा लागतो तो मिराक. त्यावर काटकोनात वायव्येकडे वळून दोन मंद तारे ओलांडले की, दुसऱ्याच्या अगदी शेजारी तो धूसर ठिपका आहे. पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट लांबीची ही दीर्घिका डोळ्यांना मात्र केवळ गाभ्यापुरतीच जाणवते. अंधारात अर्धा तास डोळे सरावू द्यावेत आणि नजर ठिपक्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी. साधी द्विनेत्री असल्यास काम सोपे होते.

तेव्हा वाचकांनी पंचांगात कार्तिक वद्यातील एक रात्र आजच नोंदवून ठेवावी, शहराच्या दिव्यांपासून दूर अशी जागा आधी पाहून यावी, आणि घरातील मुलांना बरोबर न्यावे.