चित्रावर वर्गचर्चा कशी घ्यावी?

चित्रकलेच्या तासाला मुलांनी चित्र काढावे, ही अपेक्षा सर्वत्र आढळते. परंतु त्यांनी चित्र नीट पाहावे व पाहिलेले बोलून दाखवावे, याकडे सहसा लक्ष जात नाही. चित्र पाहणे हेही शिकावे लागते. आणि ते शिकविण्यासाठी शिक्षकाला आधी स्वतः गप्प राहणे शिकावे लागते.

उदाहरणार्थ, राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे ‘जटायुवध’ हे चित्र घ्यावे. १८९४ साली त्यांनी मुंबईस छापखाना काढला व त्यांची चित्रे घरोघर पोहोचली. लोणंदच्या एखाद्या चौथीच्या वर्गात हे चित्र टांगून "यात काय आहे?" असे विचारले, तर मुले रामायणातील कथा सांगू लागतील. येथेच नवखा शिक्षक फसतो. मुले आठवणीतले सांगत असतात, डोळ्यांपुढचे नव्हे. त्याने "शाबास" म्हटले, की पाहणे तेथेच संपते.

म्हणून प्रथम दोन मिनिटे वर्गाने मुकाट्याने चित्र पाहावे. नंतर प्रत्येक उत्तरास एकच प्रतिप्रश्न असावा : "हे तुला चित्रात कोठे दिसले?" एखादा म्हणेल, "सीता रडते आहे." पण तिने तर हाताने डोळे झाकले आहेत, अश्रू दिसतच नाहीत! मग दुसरा म्हणेल, "पाखराचा पंख तुटलेला तिला बघवत नाही." दोन्ही मतांना चित्रात आधार आहे. अशा वेळी शिक्षकाने निवाडा देऊ नये. मात्र ज्यास चित्रात आधारच नाही, असे विधान तपासल्यावाचून सोडूही नये.

प्रश्नानंतरची शांतता शिक्षकास जड जाते व तो स्वतःच उत्तर देऊन बसतो. त्याऐवजी त्याने मनात दहा आकडे मोजावे, मागच्या ओळीकडे पाहावे आणि "याहून निराळे कोणास वाटते?" असे विचारावे. घरच्या बोलीतील उत्तरास वर्गाने हसता कामा नये. त्या हसण्याने गप्प झालेले मूल पुन्हा लवकर तोंड उघडत नाही.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामास येते. तिची मुलांनी काढलेली चित्रेही अशाच चर्चेस घ्यावी. जमल्यास औंधच्या संग्रहालयाची सहल काढावी. १९३८ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या त्या संग्रहात रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत.

"मला असे वाटते, कारण…" हे वाक्य ज्या मुलाला वर्गात बोलता आले, ते उद्या ग्रामसभेतही उभे राहून बोलेल.