मुळशीचं पाणी, भिऱ्याचं चक्र आणि संवेगातलं वजा चिन्ह

नेट, जॅम किंवा गेटची तयारी करणाऱ्यांना संवेग आणि आवेग हा धडा फारच 'अकरावीतला' वाटतो. भिंतीवर आदळणारा चेंडू, बंदुकीची गोळी, दोन ट्रॉल्यांची टक्कर, वीसेक गणितं सोडवली की झालं. पण हाच प्रश्न जरा वाकडा करून विचारला, वस्तू एक न राहता वाहतं पाणी झालं, किंवा भिंतच पळायला लागली, की सूत्र पाठ असलेला माणूसही अडखळतो. संशोधनात आपल्याला भेटतात ते बहुतेक वेळा असलेच वाकडे प्रश्न. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, पण शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरण मुळशीचं. मुळा नदी मुळात पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी. मुळशीच्या धरणात अडवलेलं तिचं पाणी मात्र टाटांच्या योजनेत सह्याद्री ओलांडून पश्चिमेला जातं आणि पाइपांतून खाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजघरात उतरतं. तिथून ते कुंडलिकेत येतं. कोलाडला राफ्टिंग करून आला असाल, तर तुमची होडी याच पाण्यावर तरंगली होती. या धरणात जमिनी आणि घरं जाणार म्हणून १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. धरण तरीही झालं. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. तिथली मूळ यंत्रं प्रत्येकी २५ मेगावॅटची, एकूण सहा.

ही यंत्रं पेल्टन चक्राची आहेत. अमेरिकेतल्या लेस्टर पेल्टनने १८८० मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, ते चक्र. परिघावर जोडवाटीसारखे कप बसवलेले असतात आणि नोझलमधून सुटलेली धार त्यांच्यावर आदळते. अशा टर्बाइनला आवेग टर्बाइन म्हणतात, म्हणजे आपल्या धड्याचं नावच त्याला चिकटलंय.

आता आकडे. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं असं धरू. घर्षण सध्या विसरा. धारेचा वेग म्हणजे २ × ९.८ × ५०० चं वर्गमूळ, साधारण ९९ मीटर प्रति सेकंद. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर! सेकंदाला एक घनमीटर पाणी सोडायचं असेल, तर या वेगाने जेमतेम ११ सेंटीमीटर जाडीची धार पुरते.

पहिला प्रश्न सोपा. चक्र जाम आहे आणि धार कपावर आदळतेय. बल किती? इथे एक सवय लावून घ्या: 'वस्तुमान गुणिले वेगातला बदल' लिहिण्याआधी काळ कुठे आहे ते विचारा. चेंडूच्या गणितात टक्कर एकदाच होते. धारेत ती सतत चालू असते, म्हणून दर सेकंदाला येणारं वस्तुमान घ्यायचं, म्हणजे १,००० किलोग्रॅम. सपाट पत्र्यावर पाणी आदळून बाजूला पसरलं, तर पुढच्या दिशेचा वेग ९९ वरून शून्य होतो आणि बल ९९,००० न्यूटन. पण कप पाण्याला वळवून मागे फेकतो. वेग +९९ वरून −९९ होतो. बदल शून्य नाही, १९८ आहे. बल झालं १,९८,००० न्यूटन, जवळपास वीस टन वजनाएवढं. 'वेग तेवढाच राहिला म्हणजे बदल नाही' असं लिहिणारे हमखास भेटतात. चाल तेवढीच राहिली, वेग नाही. सपाट पत्र्याऐवजी वाटी का, याचं सगळं उत्तर या एका वजा चिन्हात आहे.

आता गंमत. जाम चक्रावर बल सगळ्यात जास्त, आणि वीज शून्य, कारण काही हलतच नाहीये. उलट कप धारेच्याच वेगाने पळाले तर पाणी त्यांना गाठणारच नाही, बल शून्य आणि वीजही शून्य. उत्तर मध्ये कुठेतरी आहे. धारेचा वेग व्ही आणि कपाचा यू म्हणा. कपावर बसून पाहिलं तर पाणी (व्ही − यू) वेगाने येतं आणि तेवढ्याच वेगाने मागे जातं. बदल २(व्ही − यू). बलाला यू ने गुणलं की शक्ती: १,००० × २ × (व्ही − यू) × यू. ही सर्वाधिक कधी? यू बरोबर व्ही/२ असताना. तेव्हा बल ९९,००० न्यूटन, कपाचा वेग ४९.५ आणि शक्ती ४.९ मेगावॅट. ताळा करून बघा: १,००० × ९.८ × ५००, तेही ४.९ मेगावॅटच. म्हणजे उंचीतली सगळी ऊर्जा चक्राने घेतली. पाण्याचं काय झालं? जमिनीवरून पाहिलं तर कपातून सुटताना त्याचा वेग शून्य आहे, ते नुसतं खाली पडतं. हा ताळा मला फार आवडतो. संवेगाच्या वाटेने निघालो आणि ऊर्जेच्या घरी पोहोचलो.

पण इथे एक प्रश्न लपून बसलाय, आणि मुलाखतीत विचारण्यासारखा तोच आहे. कप पळतोय, मग त्याच्यावर दर सेकंदाला पूर्ण १,००० किलोग्रॅम पाणी कसं आदळेल? बरोबर. एकच कप असता आणि तो धारेपुढे सरळ पळत सुटला असता, तर पाणी कमीच पोहोचलं असतं, (व्ही − यू)/व्ही या प्रमाणात. मग शक्ती (व्ही − यू)² × यू च्या प्रमाणात बदलते, सर्वोत्तम वेग व्ही/३ येतो आणि कार्यक्षमता १६/२७, म्हणजे ५९ टक्केच. उरलेले ११ भाग कुठे गेले? २ भाग परत फेकलेल्या पाण्याच्या गतिज ऊर्जेत, आणि ९ भाग त्या पाण्यात जे नोझलमधून सुटलंय पण कपापर्यंत पोहोचलेलंच नाही. धार लांबतच चाललीय! चक्रावर मात्र एक कप पुढे सरकला की मागचा जागेवर हजर असतो, पाणी वाया जात नाही, म्हणून पूर्ण १,०००. सूत्र तेच, 'कोणतं वस्तुमान' एवढाच फरक. गणित सुरू करण्याआधी ज्याचा संवेग मोजताय त्याच्याभोवती पेन्सिलने एक चौकट काढा. कंटाळवाणं वाटतं, पण काढाच.

आवेगाची दुसरी बाजू पाइपात दिसते. समजा पाइप १,००० मीटर लांब, छेद एक चौरस मीटर, पाण्याचा वेग ५ मीटर प्रति सेकंद (आकडे सोयीचे घेतलेत). आतल्या पाण्याचा संवेग ५० लाख किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. झडप २० सेकंदांत बंद केली तर सरासरी बल अडीच लाख न्यूटन, म्हणजे सुमारे अडीच वातावरणं जादा दाब. ५ सेकंदांत केली तर दहा. एकदम केली तर? 'काळ शून्य, बल अनंत' असं लिहू नका. झडपेजवळचं पाणी थांबल्याची बातमी मागच्या पाण्याला ध्वनीच्या वेगानेच कळते. पोलादी पाइपात तो सेकंदाला १,२०० मीटर धरला, तर दाब १,००० × १,२०० × ५, म्हणजे साधारण ६० वातावरणं. ५०० मीटर उंचीचा मूळ दाबच ४९ च्या आसपास असतो, त्यावर हे. म्हणून पेल्टन यंत्रात भार अचानक गेला की आधी एक पत्रा मध्ये येऊन धार चक्रावरून बाजूला वळवतो, आणि नोझलची सुई मागाहून सावकाश बंद होते.

आणखी एक आकडा हिशेबात ठेवण्यासारखा आहे. एक घनमीटर पाणी ५०० मीटर उतरलं की ४९ लाख जूल, म्हणजे सुमारे १.३६ युनिट. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर हजार लिटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज. हे पाणी पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात द्यावं की घाटाखाली वीज करावी, हा वाद सुरू झाला की दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. हजार लिटर पिण्याचं किंवा शेतीचं पाणी आणि सव्वा युनिट वीज, एवढी तुलना तरी आधी समोर मांडायला हवी. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांचा हिशेब यात कुठेच येत नाही, तो वेगळा मांडावा लागतो.

आता तुमच्यासाठी एक. खरा कप पाण्याला पूर्ण १८० अंशांत वळवत नाही, नाहीतर परतणारं पाणी मागून येणाऱ्या कपाच्या पाठीवर आदळेल. वळण १६५ अंश धरा, यू = व्ही/२ ठेवा, आणि एका यंत्रातून २५ मेगावॅट मिळवायला सेकंदाला किती घनमीटर पाणी लागेल ते काढा. कोज्या १५ अंश म्हणजे ०.९६६. उत्तर ५.२ च्या जवळ आलं पाहिजे. ते ५.१ आलं तर कोन विसरलात. १० च्या वर गेलं तर वजा चिन्ह.