नवान्नाचे पहिले कणीस

आश्विन शुद्ध पौर्णिमेस देशावरील मंडळी कोजागरीचे दूध आटवितात. कोकणात मात्र हीच तिथी नवान्न पौर्णिमा म्हणून ओळखली जाते. हा सण वरवर पाहता साधा कुळाचार वाटतो, परंतु त्याचे मूळ फार जुने आहे. श्रौतसूत्रांत ‘आग्रयण’ नावाची इष्टी सांगितली आहे. वर्षाऋतूत सावा, शरदात भात आणि वसंतात जव असे नवे धान्य आधी देवतांस अर्पण करावे आणि मगच यजमानाने सेवन करावे, असा तिचा विधी. ज्या शेतकऱ्याच्या घरी वेदाचे अक्षर कधी शिरले नाही, त्याच्या घरी हा नियम अंगवळणी पडलेला आम्ही बालपणी पाहिला.

आमचे मूळ गाव पनवेलजवळचे करंजाडे. आज आम्ही आळंदीस राहून कीर्तनसेवा करतो. पण अन्नब्रह्माचे निरूपण करावयास उभे राहिलो की डोळ्यांपुढे तेच गाव येते. माथेरानच्या डोंगरातून उतरलेली गाढी नदी पनवेलच्या खाडीस मिळते. त्या परिसरात गोड्या पाण्याची शेती आणि भरतीच्या पाण्याशी झगडून राखलेली खारटी, अशा दोन्ही जमिनी असत. खारटीत ‘राता’ नावाचे तांबड्या दाण्याचे भात तग धरी. त्याचा भात जाडाभरडा. पण एकदा जेवला की गडी दुपारपर्यंत भूक म्हणत नसे.

वैशाखात राब भाजला जाई. शेणगोवऱ्या, पालापाचोळा आणि झाडांचे तोडलेले टहाळ वाफ्यावर पसरून पेटवीत; तण मरे आणि राखेचे खत होई. मृगाच्या सुमारास पेरणी, आषाढात चिखलणी आणि लावणी. आम्ही मुले रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन बांधाबांधाने धावत असू. आजी डोक्यावर इरले घेऊन लावणीस उभी राही आणि मूठ हातात येताच ओंजळीतील तीन-चार काड्या मोजल्याविना चिखलात रोवी. हळवे भात साडेतीन ते चार महिन्यांत तयार होई, निमगरवे त्यानंतर आणि गरवे सर्वांत शेवटी. आश्विनी पौर्णिमेस पहिले कणीस हाती येई ते हळव्याचे. तिथी आणि पीक यांची ही सांगड पंचांगकर्त्यांनी नव्हे, शेताने घालून दिली होती.

पौर्णिमेच्या पहाटे वडील स्नान करून शेतावर जात आणि कणसांची जुडी कापून आणीत. तिच्यात नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि झेंडूचे फूल गुंफून त्याचे ‘नवे’ होई. ते देवघरास, दारास, कणगीस, नांगरास आणि विहिरीच्या रहाटासही बांधले जाई. नव्या तांदळाची खीर देवापुढे गेल्याशिवाय आम्हा पोरांस शेतातला एक दाणासुद्धा चघळण्याची मुभा नव्हती.

पुढे मळणी होऊन खळ्यावर रास पडली की वडील पायली हाती घेत. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे गणित आम्ही शाळेत नव्हे, त्या खळ्यावर शिकलो. पहिली पायली देवाच्या नावाची. दुसरी लावणीस आलेल्या कातकरी बाईच्या पदरात पडे. तिची ठरलेली मजुरी याहून वेगळी असे. एका तुटीच्या वर्षी चुलत्यांनी या दुसऱ्या पायलीस हरकत घेतली. वडील म्हणाले, “रोप तिच्या हातनं लागलं. कणगीत आधी आपण कसं भरायचं?” आणि पायली तशीच दिली गेली. आग्रयणाचे एवढे नेमके भाष्य आम्हांस पुढे कोणत्याही ग्रंथात आढळले नाही.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या भूमीवर नव्या शहराची आखणी झाली. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात गोळीबारात पाच जणांनी प्राण वेचले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. आज करंजाड्यात त्या भूखंडांवर बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि जवळच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

आमचेही शेत गेले. त्यानंतरच्या पहिल्याच आश्विनात घरात प्रश्न उभा राहिला की नवे कशाचे बांधावे? थोरले बंधू म्हणाले, “शेत नाही, तर सणही नको. बाजारातून कणीस विकत आणून देवाला फसवायचे कशाला?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःख होते. आई काही बोलली नाही. तिने गाडग्यात जपून ठेवलेले मूठभर राते पुढच्या ज्येष्ठात अंगणातल्या फुटक्या हौदात पेरले. आई गेल्यावर तेच बियाणे बंधूंनी गच्चीवरच्या पिंपात लावले. दरसाल पाच-पंचवीस कणसे येतात. दारास बांधून जी उरतात, त्यांतून पुढचे बी निघते.

गेल्या वर्षी बंधूंच्या नातवाने आम्हांस विचारले, “आजोबा, आपण तांदूळ तर दुकानातूनच आणतो, मग हे नवे कुणासाठी?” प्रश्न योग्य होता आणि त्यास उत्तर देणे आम्हांस प्राप्त होते. आम्ही म्हणालो, “बाळ, आग्रयण हा मालकीचा उत्सव नव्हे. आपल्या ताटातले अन्न आपल्याआधी कुणाचे तरी आहे, याची ती आठवण आहे. ते देवाचे आहे, मातीचे आहे आणि चिखलात वाकलेल्या हातांचे आहे.” तैत्तिरीय उपनिषदातील भृगूस तपाअंती प्रथम उमगलेले ब्रह्म म्हणजे अन्नच होय. पुढच्या पायऱ्या त्यानंतरच्या.

वाचकहो, ज्यांचे शेत आहे त्यांनी नवे बांधावेच. ज्यांचे गेले आहे, त्यांनी या पौर्णिमेस नव्या तांदळाची पहिली पायली घरात शिजविण्यापूर्वी, ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याच्या दारी पोहोचवावी. बंधूंच्या घरी आता तसेच होते. पहिली पायली इमारतीच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या मजुरांच्या झोपडीत जाते आणि दाराला पिंपातल्या रात्याचे कणीस लागते. करंजाड्याचे शेत संपले. आमच्या वडिलांची दुसरी पायली अजून चालू आहे.