संगणकाची किल्ली आणि उष्णतेची थरथर

इंटरनेटवरून बँकेचा व्यवहार करताना ग्राहक आणि बँक यांच्यातील मजकूर सांकेतिक रूपात जातो. तो उलगडणारी गुप्त किल्ली म्हणजे एक भलीमोठी संख्या. ती कोणालाही ओळखता येऊ नये, एवढीच अट. पण ही साधी अटच संगणकाला जड जाते. सांगितल्याबरहुकूम चालणारे हे यंत्र मनाला येईल तो आकडा सांगणार कसे? सूत्राने काढलेले आकडे वरवर कितीही विस्कळीत दिसोत, आरंभीचा आकडा हाती लागला की पुढची सारी मालिका उघडी पडते.

नेटस्केप ब्राउझरमध्ये हा आरंभीचा आकडा मुख्यतः घड्याळातील वेळ आणि चालू प्रोग्रॅमचे क्रमांक यांवरून ठरत असे. १९९५ मध्ये बर्कली येथील इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी ते शोधून काढले. कुलूप भक्कम, पण किल्ली पायपुसण्याखाली, असा तो मामला होता. राउटरसारख्या उपकरणांची अडचण आणखी वेगळी. त्यांना ना कीबोर्ड, ना माऊस. सुरू होताच किल्ली बनवताना दोन उपकरणांच्या मनात सारखेच आकडे येतात. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरील लक्षावधी जाहीर किल्ल्या तपासल्या, तेव्हा अनेक जोड्यांत एक मूळसंख्या सामाईक निघाली. शाळेत शिकवतात तो मसावि काढताच दोन्ही किल्ल्या फुटल्या!

उपाय हार्डवेअरमध्ये आहे. त्याच वर्षी इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्ये एक छोटे मंडल बसवले. ते शून्य आणि एक यांच्या ऐन मधोमध, काठावर उभ्या केलेल्या नाण्यासारखे धरले जाते. उष्णतेमुळे होणारी सूक्ष्म विद्युत थरथर त्याला कोणत्या बाजूला पाडील, हे सांगता येत नाही. नाणे एका बाजूला किंचित झुकते असू शकते, म्हणून मिळालेले आकडे पुन्हा सांकेतिक प्रक्रियेतून घुसळून काढतात.

गोम नेमकी इथेच आहे. घुसळलेले आकडे नेहमीच निर्दोष दिसतात. आत थरथरीऐवजी एक, दोन, तीन अशी साधी मोजणी चालली असली, तरी बाहेरून कोणत्याही चाचणीला ते कळणार नाही. अमेरिकी हेरगिरीबाबत २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी केलेल्या गौप्यस्फोटानंतर ही शंका बळावली. तेव्हा फ्रीबीएसडीने केवळ चिपवर विसंबायचे नाही, असे ठरवले. लिनक्सही चिपचे आकडे इतर घटनांच्या वेळांच्या नोंदींत मिसळून वापरते. एक स्रोत फसवा निघाला, तरी दुसरा सावरून धरतो.

बिघाडासाठी दरवेळी कटच लागतो असेही नाही. २०१९ मध्ये एएमडीच्या काही नव्या प्रोसेसरकडे असा आकडा मागितला, की प्रत्येक वेळी तोच तो आकडा मिळत असे.