शेळ्यांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह : ओळख व उपचार

देवरी तालुक्यात धानशेतीस जोडधंदा म्हणून अनेक कुटुंबे चार-दोन शेळ्या बाळगतात. आजारपण, लग्नकार्य किंवा बी-खताची निकड आली म्हणजे शेळी विकून ती भागविली जाते. सांसर्गिक फुफ्फुसदाह कोठ्यात शिरल्यास ही शिल्लक थोड्याच दिवसांत नाहीशी होते. उपचाराअभावी लागण झालेल्या १०० शेळ्यांपैकी ६० ते ८० दगावू शकतात.

रोगाचे कारण

या रोगाचे वर्णन १८७३ साली अल्जीरियात झाले. त्याचा जंतू मात्र १९७६ साली केनियात प्रथम वेगळा करण्यात आला. हा जंतू मायकोप्लाझ्मा वर्गातील होय. खोकणाऱ्या शेळीच्या श्वासातून उडणाऱ्या तुषारांवाटे तो शेजारच्या शेळीस जातो. म्हणून दाटीच्या, कोंदट कोठ्यात रोग झपाट्याने पसरतो. गाई-म्हशींना त्याची बाधा होत नाही.

लक्षणे

लागणीनंतर साधारणतः ६ ते १० दिवसांनी ताप चढतो. निरोगी शेळीचे तापमान १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. या रोगात ते १०६ अंशांपर्यंत जाते. शेळी चारा सोडते व कळपामागे रेंगाळते. पुढे खोकला येतो, श्वास जलद होतो आणि श्वासाबरोबर ती कण्हते. पुढचे पाय फाकवून व मान ताणून ती उभी राहते. फुफ्फुसाभोवती पिवळसर पाणी साचते आणि फुफ्फुस, बहुधा एकाच बाजूचे, घट्ट होऊन बरगड्यांच्या आतील बाजूस चिकटते. श्वास कोंडण्याचे कारण हेच.

रोगाची पारख

पी.पी.आर. रोगातही ताप व खोकला असतो. परंतु त्यात तोंडात व्रण पडतात, जुलाब होतात आणि मेंढ्यांनाही लागण होते. फुफ्फुसदाहात विकार छातीपुरताच राहतो. निश्चित निदानासाठी पशुवैद्यक छातीतील पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवितात. मेलेली शेळी गावात फाडू नये. पशुवैद्यकांच्या तपासणीनंतर ती चुना टाकून खोल पुरावी.

उपचार

येथे एक चूक महागात पडते. घरी उरलेले पेनिसिलीन टोचून शेतकरी वाट पाहत बसतो. पेनिसिलीन जंतूची भित्तिका बांधू देत नाही, म्हणून इतर अनेक रोगांत ते गुणकारी ठरते. मायकोप्लाझ्मास भित्तिकाच नसल्याने त्यावर त्याचा काही परिणाम होत नाही व मोलाचे दिवस वाया जातात. या रोगात टायलोसिन अथवा ऑक्सिटेट्रासायक्लिन उपयोगी पडते. मात्रा शेळीच्या वजनानुसार पशुवैद्यकांनीच ठरवावी. ताप उतरताच औषध थांबवू नये. ठरलेले सर्व दिवस ते द्यावे. उपचार चालू असताना, व त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस, दूध व मांस खाण्यास वापरू नये.

प्रतिबंध

आजारी शेळी त्याच दिवशी वेगळी बांधावी. बऱ्या झालेल्या शेळीतही जंतू राहू शकतो, म्हणून ती लगेच बाजारात नेऊ नये. बाजारातून आणलेली शेळी किमान एक महिना कळपापासून दूर ठेवावी. कोठ्यात हवा खेळती असावी आणि खाली धानाचे कोरडे तणस अंथरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच कोठ्यात दोन-तीन शेळ्या तापाने खोकत असल्याचे दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. छातीत पाणी साचण्यापूर्वी उपचार सुरू झाल्यास बहुतेक शेळ्या वाचू शकतात.